गाठ फोडून बघा

पहिल्या वर्षी मी रायझोबियमचं, म्हणजे मुळावर गाठी करून पिकाला हवेतला नत्र देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट बांधावर उन्हात ठेवलं, बुरशीनाशक चोळलेल्या ओल्या बियाण्यावरच ते ओतलं आणि पेरून मोकळा झालो. पुढे सोयाबीन उपटून पाहिलं, तर मुळावर गाठ औषधालाही नाही! पाकिटात जिवंत माल असतो, हेच मी विसरलो होतो.

आता पाकीट घेतानाच वापराची अंतिम तारीख आणि पिकाचं नाव वाचतो. सोयाबीनला ब्रेडीरायझोबियम नावाचं जिवाणू लागतं, हरभऱ्याचं जिवाणू वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. घरी पाकीट सावलीत, खतांपासून लांब ठेवायचं.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. अर्धा लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. पाणी गरम असतानाच घाई केलीत तर जिवाणू तिथेच मेले. त्यात पाकीट कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावा. सोयाबीनचं साल नाजूक असतं, रगडलं की सुटतं, म्हणून सगळं पाणी ओतायलाच हवं असं नाही. बी नुसतं माखलं की बस.

रासायनिक औषध लावायचंच असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू. रोगाच्या बुरशीविरुद्ध बियाण्याला लावतात ती ट्रायकोडर्मा मात्र स्वतःच बुरशी आहे; कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाबरोबर ती लावणं म्हणजे पैसे पाण्यात. बियाणं गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी ओलीवर पेरा.

आणि युरियाचा हात आवरा. गाठीतल्या जिवाणूंना झाड स्वतःची साखर खाऊ घालतं, बदल्यात हवेतला नत्र घेतं. नत्र आयता मिळाला की ते हा खर्च कशाला करेल? गाठी कमी धरतात.

फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्याने मातीसकट काढा, बादलीत मुळं धुवा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. (माझ्याही त्या वर्षी काही राहिल्या असतील, पण पिवळं पडलेलं पीक खोटं बोलत नव्हतं.) गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जातकुळीतला. पांढरी किंवा हिरवी निघाली तर जिवाणू बसून आहेत. शेंगा भरताना मात्र हिरवी गाठ दिसली तर घाबरू नका, तोवर ती म्हातारी झालेली असते.