घरातल्या डॉक्टर माणसाच्या आठवणी कशा जमवायच्या, आम्ही आप्पांच्या केल्या तशा

आप्पा जाऊन या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ष झालं. नात्याने काका पण सगळ्या घराचेच आप्पा. गळ्यात तुळशीची माळ, आधी सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, रिटायर झाल्यावर एका ट्रस्टच्या दवाखान्याचे प्रमुख. गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, आम्ही घाईघाईत आठ पानांचं स्मरणपत्र छापलं होतं, त्यात प्रेमळ, मनमिळाऊ, धर्मपरायण, आरोग्यक्षेत्रातला दीपस्तंभ असं सगळं होतं, आणि दोन दिवसांनी शांतपणे वाचलं तर लक्षात आलं की नुसतं नाव बदललं तर हे कुणाच्याही गंधमुक्तीला चालेल. मला फार लागलं ते. मग वर्षभर बसून परत केलं. तुमच्या घरातही असं कुणी असेल तर काय करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे म्हातारी माणसं आधी गाठा. कागद कपाटात थांबतात, माणसं थांबत नाहीत. आमची चूक अशी झाली की आम्ही आधी मोठ्या लोकांकडे गेलो, अध्यक्ष, साहेब, पुढारी, ते सगळे चांगलं बोलले पण भाषणासारखं. खरा माल मिळाला जीपच्या ड्रायव्हरकडे, नर्सबाईंकडे, केस पेपर काढणाऱ्या शिपायाकडे, दवाखान्यासमोरच्या चहावाल्याकडे आणि दिंडीत आप्पांच्या शेजारी चालणाऱ्या टाळकऱ्याकडे. आप्पा मुक्ताईच्या पालखीत जायचे, मुक्ताईनगरहून पंढरपूर म्हणजे महिनाभराची चाल, त्यांना तेवढी सुट्टी कुठली मिळणार, तर दरवर्षी जमेल तितके मुक्काम चालून परत ड्युटीवर. हे टाळकऱ्यानं सांगितलं, घरात आम्हाला वाटायचं पूर्ण वारी करतात.

आता प्रश्न कसा विचारायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. "आप्पा कसे होते?" विचारलं की समोरचा "देवमाणूस होते" म्हणतो आणि थांबतो, पुढे काही येतच नाही. त्याऐवजी वस्तू धरून विचारा, वेळ धरून विचारा. जीपमधे पुढे बसायचे की मागे? डबा कोण आणायचं, एकादशीला काय करायचे? रात्री दार कोण उघडायचं? फोनवर रेकॉर्डिंग चालू करून फोन उलटा ठेवा (आधी विचारून), आणि तुम्ही गप्प बसा, दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी चालेल, त्यानंतरच खरं निघतं.

ड्रायव्हरकाकांना मी फक्त विचारलं की हरिपाठ किती वाजता असायचा, तर त्यांनी एक रात्र सांगितली. आप्पा संध्याकाळी हरिपाठाला बसलेले आणि डोंगरातल्या पाड्यावरून निरोप आला की बाई अडलीय, ते तसेच अर्ध्यातून उठले, रस्ता नव्हता म्हणून शेवटचं अंतर कंदील घेऊन पायी. मग नर्सबाईंना त्याच रात्रीबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, बाळंतपण पहाटे झालं, आई आणि बाळ दोघं ठीक, साहेबांनी हात धुतले आणि तिथेच ओट्यावर बसून जिथे सोडला होता तिथून पुढचे अभंग म्हणून सत्तावीस पूर्ण केले. आणि मग जिजीला, म्हणजे आमच्या काकूला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "त्या रात्री आपली ताई तापानं फणफणत होती, मी एकटीच पट्ट्या ठेवत बसले होते." एक रात्र, तीन माणसं. देव, घर, दवाखाना अशी तीन वेगळी प्रकरणं मी आधी पाडली होती, ती त्या दिवशी मोडली आणि एकेक दिवस, एकेक रात्र असंच लिहिलं. जिजीचं वाक्य ठेवायचं का यावर घरात वाद झाला. मी म्हटलं ठेवायचंच, कारण आप्पा रात्री निघू शकायचे ते जिजी घरात होती म्हणून, आणि तिचं नाव कुठल्याच सत्काराच्या शालीवर नाही.

सगळे नातेवाईक एकत्र कधी भेटणार हा प्रश्न खानदेशात सोपा आहे, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमते. आम्ही जुने फोटो चटईवर पसरून ठेवले, आत्या-मावश्या आपोआप भांडायला लागल्या की हा कोण तो कोण, मी नुसतं लिहित गेलो. फोटोच्या मागे पेनानं लिहू नका, शाई पुढे उमटते, मऊ पेन्सिलनं हलकं लिहा. फोटो काढायचे तर खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर तो दाबून छोटा करतो आणि छापताना चेहरे फुटतात.

तारखा कुणालाच आठवत नाहीत, त्यासाठी मोठ्या घटना धरा. 1972 चा दुष्काळ तेव्हा नोकरी लागली होती का? देवीची साथ संपली त्याच्या आधी की नंतर (देशातला शेवटचा रुग्ण 1975 चा)? पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा, म्हणजे 1995 ला, कुठे होते? असं विचारलं की लोक बरोबर सांगतात. मग सेवापुस्तक, बदलीच्या ऑर्डरी, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन यावरून ताडून घ्या. जुन्या कागदांवर जिल्ह्याची नावं बघून गोंधळू नका, आप्पांच्या जन्माच्या दाखल्यावर पूर्व खानदेश, तालुका एदलाबाद आहे, तेच आजचं जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. आणि धडगावच्या ऑर्डरीवर जिल्हा धुळे आहे कारण नंदुरबार वेगळा झाला 1998 ला.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, पेशंटचं नाव आणि आजार छापू नका. आप्पांच्या डायरीत टीबी, कुटुंब नियोजन, सिकलसेल, कुणाची काय अडचण सगळं नावानिशी होतं. ती माणसं, त्यांची मुलं त्याच गावात राहतात. गावाचं नावही बदला किंवा काढून टाका, आणि ज्यानं स्वतःहून सांगितलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवा.

भाषा सुधारू नका. कुणी अहिराणीत बोललं तर अहिराणीतच ठेवा. आप्पा पेशंटला विचारायचे, "काय व्हयनं वं माय?" याचं "काय त्रास होतोय?" केलं की आप्पाच निघून जातात त्यातून. आपल्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी त्यांच्या ओव्या ऐकून त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवल्या म्हणून त्या आज आपल्याकडे आहेत.

छपाईचं थोडक्यात: मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. डीटीपीवाल्याकडे जुना फॉन्ट असला की आपण मोबाईलवर टाईप केलेली अक्षरं फुटतात, "ऱ्या" आणि "र्‍हा" हमखास, तेव्हा प्रूफ कागदावर घ्या आणि घरातल्या दोन वेगळ्या माणसांना वाचायला द्या. जाहिराती घेऊ नका, आम्ही भावंडांनी वाटून खर्च केला.

वाटायचा दिवस आम्ही आखाजीचाच धरला. घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, सांजोरी-आमरसाचा नैवेद्य झाला आणि पहिली प्रत जिजीच्या हातात दिली. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली होती, कारण छापून झाल्यावरच लोकांना आठवतं. संध्याकाळपर्यंत दारातल्या प्रतीतली दोन पानं भरली. एका मुलानं, मी त्याला ओळखतही नाही, शेवटी लिहिलं होतं: "आप्पा उनात म्हनीसन मनी माय वाचनी." (आप्पा आले म्हणून माझी आई वाचली.)