कमी खर्चात, जळजळीविना दाढी: रेझर निवडावा कसा आणि चालवावा कसा

रेझर घेताना बहुतेक जण दांड्याची किंमत बघतात आणि तिथेच फसतात. दांडा एकदा घ्यायचा असतो, पाती मात्र दाढी करणं चालू आहे तोवर घ्यावी लागतात. त्यामुळे आधी पात्यांचं पाकीट उलटून बघावं आणि एका दाढीला पात्याचा खर्च किती पडतो ते काढावं.

हिशेब अगदी सोपा आहे. पात्याची किंमत घ्या आणि त्यावर किती दाढ्या त्रास न होता होतात त्या आकड्याने तिला भागा. आठवड्यातून 4 वेळा दाढी करणाऱ्याच्या वर्षाला 208 दाढ्या होतात. साधं दुधारी पातं साधारण 4 दाढ्या चांगलं चालतं असं धरलं, तर वर्षाला 52 पाती लागतील. कार्ट्रिज, म्हणजे अनेक पाती एकत्र बसवलेलं बदलायचं डोकं, 12 दाढ्या चाललं तर 17-18 पुरतील. म्हणजे एक कार्ट्रिज एका दुधारी पात्याच्या तिपटीपेक्षा महाग असेल, तर दुधारी पातंच स्वस्त. प्रत्यक्षात हा फरक तिपटीहून कितीतरी मोठा असतो. शिवाय दुधारी पात्याचा आकार सगळ्या कंपन्यांचा सारखाच, जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचं पातं कुठल्याही सेफ्टी रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही. दांडा ज्या कंपनीचा, त्याच कंपनीची आणि त्याच मालिकेची कार्ट्रिजं घेत राहावी लागतात.

कोणाला काय चालेल

चेहऱ्याला फार तक्रारी नसतील आणि दाढीला दहा मिनिटं देता येत असतील, तर दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घ्यावा. किंग कॅम्प जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत या रेझरचं पेटंट मिळालं. तेव्हापासून त्याची मूळ कल्पना बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं त्यात फारसं नाहीच. पातळ पातं दोन धातूच्या चकत्यांमध्ये वाकवून घट्ट धरायचं आणि धारेचा केसभर भाग बाहेर ठेवायचा, एवढंच त्याचं तंत्र आहे.

पहिला रेझर घेताना तीन गोष्टी तपासा. डोकं सौम्य असावं, म्हणजे पात्याखालची पट्टी सलग असावी. कंगव्यासारखे दाते असलेली पट्टी नवख्या हाताला जरा कडक जाते. दुसरं, रेझर तीन सुट्या भागांचा असावा. वरून दोन दारं उघडणारा प्रकार दिसायला छान असतो, पण त्याच्या सांध्यांत साबण साचतो आणि यंत्रणा बिघडली की सगळाच रेझर जातो. तिसरं, वजन. दांडा धातूचा आणि थोडा भारदस्त असला की हाताने दाब द्यावा लागत नाही. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा रेझर वर्षानुवर्षं टिकतो. जस्ताच्या मिश्रधातूचा स्वस्त रेझरही चांगलं काम देतो, फक्त तो फरशीवर पडला तर डोक्याचा स्क्रू तुटू शकतो.

हात थरथरत असेल, नेहमी घाई असेल किंवा आरशात नीट दिसत नसेल, तर कार्ट्रिजच बरं. त्याचं डोकं वळतं, त्यामुळे कोन सांभाळावा लागत नाही. पण पाच पात्यांचं घेण्यात अर्थ नाही, दोन किंवा तीन पात्यांचं पुरतं. अनेक पात्यांमागचा विचार असा की पहिलं पातं केसाला किंचित बाहेर ओढतं आणि तो मागे सरकण्याआधी दुसरं त्याला आणखी खालून कापतं. सरळ केसांच्या माणसाला यामुळे गुळगुळीतपणा मिळतो. कुरळ्या केसाचं टोक मात्र कातडीखाली जातं, वाढताना आत वळतं आणि तिथे पुटकुळी येते. मानेवर सतत पुटकुळ्या येणाऱ्यांनी पात्यांची संख्या वाढवू नये, कमी करावी.

एकदाच वापरून फेकायचा रेझर प्रवासापुरता ठीक. विमानात केबिनच्या सामानात सुटं दुधारी पातं चालत नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो. रोजच्या वापरात मात्र हलका दांडा असल्यामुळे हात आपोआप दाब देतो आणि जळजळ होते.

इलेक्ट्रिक शेव्हरमध्ये दोन प्रकार आहेत. जाळीचा शेव्हर रोज दाढी करणाऱ्याला चांगला, तर गोल चकत्यांचा शेव्हर दोन-तीन दिवसांची वाढही सहज उचलतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी आणि जखम भरायला वेळ लागतो अशा मधुमेही माणसांसाठी पात्यापेक्षा हाच मार्ग सुरक्षित. मात्र याला 'पात्याचा खर्च नाही' असं म्हणणं बरोबर नाही. जाळी आणि आतला कटर साधारण 12 ते 24 महिन्यांनी बदलावा लागतो, आणि शेव्हर घेण्याआधी त्यांचीही किंमत विचारून ठेवावी. कातडीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात, त्याआधी निकाल देऊ नये.

आणि एक मार्ग जो लोक उगाच कमी लेखतात: ट्रिमर. कामाच्या ठिकाणी बारीक खुंट चालत असतील, तर अर्धा मिलिमीटर दाढी ठेवणारा ट्रिमर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आरामदायी. तो कातडीला जवळपास शिवतच नाही. आत वळणाऱ्या केसांचा त्रास असलेल्यांना हा पर्याय आधी सुचवावा. पात्यांवर दर थोड्या दिवसांनी तेलाचा एक थेंब, एवढीच त्याची निगा.

केस मऊ करणं हेच अर्धं काम

कोरडा दाढीचा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. पण पाणी मुरायला दोन ते तीन मिनिटं लागतात. चेहऱ्यावर पाण्याचा हबका मारून लगेच रेझर लावला तर काहीच साधत नाही. म्हणून अंघोळीनंतर लगेच दाढी करावी. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन मिनिटं चेहऱ्यावर धरावा. पाणी कोमटच हवं, कढत पाण्याने कातडी आधीच लाल होते.

फेसाला डब्यातला फोम लागत नाही. दाढीचा साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम आणि एक ब्रश, एवढ्यावर काम होतं आणि ते जास्त दिवस पुरतं. क्रीम बदामाएवढंच घ्यावं. साबण असेल तर ओला ब्रश त्यावर अर्धा मिनिट गोल फिरवावा. कृत्रिम केसांचा ब्रश स्वस्त असतो, लवकर वाळतो आणि आधी भिजवावा लागत नाही. डुकराच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवावा लागतो आणि पहिले काही आठवडे थोडा राठ लागतो.

मग ब्रश चेहऱ्यावर फिरवत पाण्याचे थेंब घालत जायचं. फेस जमला की नाही हे दिसण्यावरून कळतं. फुगलेला, मोठ्या बुडबुड्यांचा, पांढराशुभ्र फेस हवेने भरलेला असतो आणि पातं त्यात अडखळतं. चांगला फेस दाट असतो, त्यावर ओलसर चकाकी असते आणि दोन बोटांत चोळला तर बोटं सरकन घसरतात. बोटं चिकटली तर आणखी चार-पाच थेंब पाणी घाला. फेस ओघळायला लागला तर साबण थोडा वाढवा. क्षारांचं, जड पाणी असेल तर फेस चटकन बसतो; तिथे साबण थोडा जास्त घ्यायचा.

हात

आधी केसांची दिशा ओळखून घ्या. एक-दोन दिवसांचे खुंट असताना बोटं चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं ती केसांची दिशा, उलट दिशेला ते खरखरतं. गालावर केस साधारण खालच्या दिशेने असतात. गळ्यावर मात्र कुठे आडवे, कुठे वर, कुठे भोवऱ्यासारखे. मानेची निम्मी जळजळ याच कारणाने होते, कारण 'गळ्यावरून वरून खाली' अशी एकच सवय हाताला लागलेली असते.

पातं बसवताना ते नेहमी दोन्ही आखूड कडांनी धरावं. डोक्याची वरची चकती उलटी ठेवा, तिच्या खुंट्यांवर पातं बसवा, वर खालची चकती आणि मग दांडा फिरवून घट्ट करा. लावण्याआधी रेझर डोळ्यांसमोर समोरून धरून बघा. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर दांडा सैल करून पातं पुन्हा बसवा, नाहीतर ती बाजू कापणारच.

कोन असा पकडायचा: रेझरच्या डोक्याचा माथा गालावर सपाट टेकवा, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर. आता दांडा हळूहळू खाली आणा आणि सरकवत राहा. ज्या क्षणी धार केसाला लागल्याचा बारीक आवाज येतो तिथे थांबा. साधारण 30 अंशांचा हा कोन पूर्ण दाढीभर टिकवायचा. कार्ट्रिजमधून आलेल्या हाताला सगळ्यात अवघड जातं ते दाब न देणं. दांडा टोकाकडे, दोन-तीन बोटांत हलका धरा आणि रेझरचं वजनच काम करू द्या. केस राहिले म्हणून दाबू नका, ते दुसऱ्या फेरीत जातील.

फटके लहान असावेत, दोन-तीन सेंटिमीटरचे. दोन-तीन फटक्यांनंतर डोकं पाण्यात बुडवून हलवा. मोकळ्या हाताने कातडी हलकीच ताणून धरा. आत वळणाऱ्या केसांचा त्रास असेल तर ताणूसुद्धा नका, कारण ताण सुटल्यावर केसाचं टोक कातडीच्या आत जातं. रेझर धारेच्या लांबीच्या दिशेने, सुरीसारखा सरकवू नका, कितीही सौम्य डोकं असलं तरी तसं पातं चिरतंच. क्रम गाल, कल्ले, गळा आणि शेवटी हनुवटी व ओठांवरचा भाग असा ठेवा. तिथले केस सगळ्यात राठ असतात, त्यांना फेसाखाली जास्त वेळ मिळतो.

पहिली फेरी केसांच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावा आणि दुसरी फेरी केसांच्या दिशेला आडवी. फेस नसलेल्या कातडीवर 'जरा एकदा' म्हणून फिरवलेला रेझर सगळ्यात जास्त जळजळ देतो. उलट दिशेची तिसरी फेरी ऐच्छिक आहे, आणि गळ्यावर बहुतेकांनी ती करूच नये. पहिले दोन आठवडे तर एका फेरीवरच समाधान मानावं.

पातं कधी टाकायचं

केसापेक्षा पोलाद सुमारे 50 पट कठीण असूनही पातं बोथट होतं. 2020 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात असं दिसलं. म्हणून जुन्या पात्याने दाढी करताना केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो. ही ओढ जाणवली की त्याच दाढीनंतर पातं टाका. राठ दाढीला ते तिसऱ्या वेळी होईल, विरळ दाढीला सातव्या वेळी. पातं आणखी दोन दाढ्या ताणून जी बचत होते ती नगण्य आहे, त्यापायी चेहरा सोलून घेऊ नये.

पात्यांचा ढीग एकदम घेऊ नका. तीन-चार कंपन्यांची एकेक लहान पाकिटं घ्या, प्रत्येकाच्या निदान दोन पात्यांनी दाढी करा, आणि त्या काळात साबण व रेझर बदलू नका. जे जमेल त्याचं मोठं पाकीट मग घ्या.

दाढी झाल्यावर पातं टॉवेलला पुसू नका, धार खराब होते आणि बोटही कापतं. डोकं वाहत्या पाण्याखाली धरा, झटका, उभं ठेवा. आठवड्याला एकदा रेझर उघडून साचलेला साबण धुवा.

चुकलं तर कुठे चुकलं

मान लाल होऊन दिवसभर चुरचुरत असेल, तर आधी दाब तपासा, मग केसांची दिशा, मग पातं; साबणाला दोष शेवटी द्या. जबड्याच्या हाडावर चिरा पडत असतील तर तिथे कोन बदलतोय. कातडी हाडावरून वर गालाकडे ओढून सपाट भागावर कापा. हनुवटीखाली ठिपक्यांसारखं रक्त येत असेल तर एकाच जागी फार फटके होत आहेत. दोन-तीन दिवसांनी पुटकुळ्या येत असतील तर उलट दिशेची फेरी बंद करा, आणि तरीही थांबल्या नाहीत तर महिनाभर ट्रिमरवर या. पुटकुळ्यांत पू झाला, त्या दुखायला लागल्या किंवा वण राहायला लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

शेवटी गार पाण्याने चेहरा धुवून टॉवेलने टिपा, घासू नका. ओली तुरटी चेहऱ्यावरून फिरवून अर्धा-एक मिनिट ठेवा आणि धुवून टाका. ती बारीक रक्तस्राव थांबवते, आणि आजचा हात कसा होता तेही सांगते: जिथे झोंबली तिथे दाब जास्त झाला. त्यानंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. अल्कोहोल असलेला आफ्टरशेव्ह कातडी कोरडी करतो, संवेदनशील चेहऱ्याने तो टाळावा. चीर मोठी असेल तर स्वच्छ कापड किंवा टिश्यू न उचलता दोन मिनिटं दाबून धरा.

रेझर, पातं आणि तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा हवा, घरातल्या घरातसुद्धा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि न दिसणारा थेंबही पुरतो. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या एखाद्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, झाकण चिकटवून टाका आणि जुनं पातं त्यातून आत सोडत जा. लहानसा डबा भरायला काही वर्षं लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर 'धारदार पाती' असं लिहा आणि तो बाकीच्या कचऱ्यात न मिसळता कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळा द्या.