कुत्र्याला आंघोळ कमी, हात जास्त फिरवा

घरी कुत्रा आणला की पहिला प्रश्न ठरलेला, आंघोळ किती दिवसांनी घालायची? अहो तो प्रश्न शेवटचा. रोज बाहेरून फिरून आल्यावर 5 मिनिटं त्याच्या अंगावरून हात फिरवायचा, निम्मं काम त्यातच होतं.

हात नुसता पाठीवरून नाही, केसांच्या उलट्या दिशेने फिरवायचा, आणि कानाच्या मागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या खाली आणि मुख्य म्हणजे पंजाच्या बोटांच्या मधे बघायचं, गोचीड तिथेच लपतं. आमच्या काळूच्या बोटात मला एकदा मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं, मी चामखीळ समजून सोडून दिलं, दुसऱ्या दिवशी ते डबल झालेलं! तेव्हा नीट बघितलं तर बारीक पाय दिसले. गोचीड काढताना रॉकेल, तेल, काडी लावणं असलं काही नको, चिमट्याने अगदी कातडीलगत धरायचं आणि सरळ, हळू ओढायचं, पिळायचं नाही, बोटाने चिरडायचं तर अजिबात नाही. नंतर काही दिवसांत ताप आला, खाणं सोडलं किंवा हिरड्या पांढरट दिसल्या तर सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, नाक कोरडं म्हणजे ताप असं नसतं, थर्मामीटर लावा, साधारण 38.3 ते 39.2 सेल्सियस नॉर्मल, आपल्यापेक्षा त्यांचं अंग गरमच असतं.

केसात काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घासून बघा, लालसर डाग उमटला की ती पिसवांची घाण, म्हणजे पिसवा आहेत.

कानात इअरबड घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते मग आत वळते, बडने मळ अजून आत ढकलला जातो. डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर टाकायचं, कानाच्या मुळाशी चोळायचं आणि त्याला डोकं झटकू द्यायचं (पडद्यांपासून लांब उभं करा, अनुभवाचे बोल), मग वर आलेलं कापसाने पुसायचं. वास येत असेल तर मात्र घरी काही न करता दाखवून आणा.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापायची, पण अगदी थोडी थोडी, कारण आत रक्ताची नस असते. काळ्या नखात ती दिसत नाही, कापलेल्या जागी मधे गडद ठिपका दिसला की थांबा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

दातांना माणसांची पेस्ट नको, काही पेस्टमधे गोडीसाठी झायलिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषारी.

आता आंघोळ. केसांत गुंता असेल तर ब्रश आधी, कारण भिजला की गुंता घट्ट बसतो. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्यांचाच, आणि नंतर बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करायची, हे सगळेच विसरतात.

अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, पिसवांची अंडी तिथेच पडतात. आमचा काळू धुतलेल्या चादरीवर तासभर रागाने पंजे मारत बसतो, वास परत स्वतःचा येईपर्यंत.