ब्लॅक अँड व्हाइटचा रोल घरीच धुवा

बाबांचा जुना यशिका नाहीतर पेंटॅक्स कपाटातून बाहेर निघतो, एक कलर रोल टाकला जातो, लॅबमधून स्कॅन येतात, मग दोन-तीन रोलनंतर खर्च बघून कॅमेरा परत कपाटात. फिल्मची हौस बऱ्याच जणांची इथेच संपते. माझं म्हणणं एवढंच की फिल्म वापरायचीच असेल तर ब्लॅक अँड व्हाइट वापरा आणि रोल स्वतः धुवा (म्हणजे केमिकलमध्ये घालून निगेटिव्ह तयार करा), कारण निम्मी मजा तिथे आहे आणि ती आपण पैसे मोजून लॅबवाल्याला देऊन टाकतो. कलरची केमिकल ३८ डिग्रीच्या आसपास अगदी काटेकोर ठेवावी लागतात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये २० काय नि २४ काय, फक्त वेळ बदलायची.

पहिल्या रोलला इलफर्ड एचपी५ प्लस घ्या, किंवा स्वस्तात हवा तर केंटमियर ४००. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बंद असेल तरी अडत नाही. ४०० च्या रोलला (हे दोन्ही तसेच, ४०० म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन पकडते त्याचा आकडा) शटर १/५०० सेकंद ठेवायचं आणि लेन्सचं छिद्र कडक उन्हात एफ १६, ढगाळ असेल तर एफ ८, मोकळ्या सावलीत एफ ४. शंका आली तर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्तच द्या, कमी नको. सावलीतलं डिटेल निगेटिव्हवर आलंच नाही तर नंतर काहीही करा, ते मिळत नाही.

आता खरा खेळ, रंग विसरून बघण्याचा. मे महिन्यात फुललेला गुलमोहर घ्या. डोळ्याला लालभडक दिसतो, फिल्मवर मात्र फुलं आणि पानं जवळपास एकाच राखाडीत येतात नि सगळं झाड सपाट. त्यावर लाल फिल्टर लावला की फुलं पांढुरकी होतात, पानं गडद आणि निळं आभाळ काळं, जणू झाडच वेगळं! (लाल फिल्टर साधारण तीन स्टॉप खातो, तेवढं लेन्सचं छिद्र उघडायला विसरू नका. पिवळा एकच खातो, म्हणून रोजच्याला तोच बरा.) म्हणजे समोर रंग कुठला यापेक्षा उजेड कुठून पडतोय ते बघायची सवय लागते. पावसाळ्यात गडावर गेलात तर ओला काळा कातळ बघा, कलरमध्ये नुसता मळकट दिसतो आणि इथे एकेक कड चमकते.

रोल धुवायला डार्करूम लागत नाही. उजेड न शिरणारा टँक आणि त्यातलं फिल्म गुंडाळायचं रील, चेंजिंग बॅग (हात घालायची काळी, उजेडबंद पिशवी), थर्मामीटर, चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते पक्कं करणारा फिक्सर, बास. कठीण काम एकच, बॅगेत हात घालून न बघता फिल्म रीलवर चढवणं. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर उजेडात सराव करा, मग डोळे मिटून. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित गोल कापले की ती अडकत नाही. रील पूर्ण कोरडं हवं, जुलैमध्ये तर बॅगेत हात घामेजतातच आणि ओलसर रीलवर फिल्म मध्येच चिकटून बसते. नीट चढत असेल तर बोटांना कळतं, रील पुढेमागे फिरवताना फिल्म सरसर सरकते.

रील टँकमध्ये जाऊन झाकण बसलं की पुढचं सगळं किचनच्या ओट्यावर. डेव्हलपर आयडी-११, निम्मं सोल्युशन निम्मं पाणी, २० डिग्रीला एचपी५ साठी १३ मिनिटं. उन्हाळ्यात आपल्या नळाला २० डिग्री कुठून येणार, म्हणून बादलीत पाणी घेऊन बर्फाची पिशवी सोडा आणि बाटल्या त्यात ठेवा. २४ पर्यंतच उतरलं तर साधारण ९ मिनिटं धरा. दर मिनिटाला पहिल्या १० सेकंदात टँक चार वेळा उलटायचा, मग ओट्यावर एकदा ठक्कन आपटायचा म्हणजे बुडबुडे सुटतात. डेव्हलपर ओतून दिला की साध्या पाण्याने खळखळवा, मग फिक्सर पाच मिनिटं. त्यानंतर झाकण उघडलं तरी चालतं, आणि कितीही रोल धुतलेले असू देत, ओल्या रीलवरून पहिली फ्रेम उलगडताना जरा धडधडतंच.

शेवटी पाणी बदलत टँक आधी ५ वेळा, मग १०, मग २० वेळा उलटा. बोअरचं पाणी असेल तर शेवटची खंगाळणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं तेच, नाहीतर क्षारांचे ठिपके आयुष्यभर निगेटिव्हवर. बाथरूममध्ये चिमट्याने टांगा, खालीही एक चिमटा वजनाला, आणि पंखा अजिबात नको, धूळ उडते.

फिक्सर पुन्हा पुन्हा वापरता येतो. धुण्याआधी रोलची कापलेली जीभ (सुरुवातीचं निमुळतं टोक) त्यात बुडवून बघा, पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवायचा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो संपला समजा. मात्र कुंडीत ओतू नका, त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते. कॅनमध्ये साठवा, एक्स-रे धुणाऱ्या एखाद्या जुन्या लॅबमध्ये विचारून बघा, तिथे तो कधीकधी घेतात.