विद्यापीठांची प्रकरणे आणि सरकारी वकील : या चुका टाळा

मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्यपीठात, नागपूर व छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्येही उच्च शिक्षणाची प्रकरणे सतत बोर्डावर असतात. कुणाच्या नेमणुकीला विद्यापीठाने मान्यता नाकारलेली असते, कुणाची वेतननिश्चिती अडलेली असते, कुणाला विभागीय चौकशीनंतर बडतर्फ केलेले असते, तर कुठे निकाल राखून ठेवलेला असतो. विषय निरनिराळे असले, तरी शासनाची किंवा विद्यापीठाची बाजू ज्या कारणांनी लंगडी पडते, ती कारणे मात्र कंटाळा यावा इतकी सारखी असतात. नव्याने सहायक सरकारी वकील झालेल्या अथवा विद्यापीठाच्या पॅनेलवर आलेल्या मंडळींसाठी त्यांतली काही येथे नोंदवीत आहे. ज्यांना प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना तेवढा हवा आहे, त्यांची येथे निराशा होईल.

आपला पक्षकार कोण, हे न पाहणे

अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या साध्या याचिकेतही प्रतिवादींची रांग लागलेली असते. उच्च व तंत्र शिक्षण विभागाचे सचिव, पुण्याचे उच्च शिक्षण संचालक आणि विभागीय सहसंचालक हे शासन झाले. त्यांच्यामागून येणारे कुलसचिव हे विद्यापीठाचे, आणि संस्थेचे अध्यक्ष व प्राचार्य हे संस्थेचे. विद्यापीठ ही कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र संस्था आहे आणि तिचे म्हणणे शासनाच्या म्हणण्याशी जुळेलच असे नाही. उमेदवार पात्र असून निवड समिती रीतसर होती, असे विद्यापीठ सांगते, तर पदाला मंजुरीच नसल्याने वेतन अनुदान देता येणार नाही, असे सहसंचालकांचे म्हणणे असते. अशा दिवशी सकाळी कुलसचिव कार्यालयातून फोन येतो, ‘साहेब, आमचे वकील आज बाहेरगावी आहेत, आमचेही तुम्हीच सांगून टाका’, आणि नवखा वकील भिडेपोटी दोघांच्या वतीने बोलून मोकळा होतो. पुढच्या तारखेला विद्यापीठाचे प्रतिज्ञापत्र दाखल होते आणि त्यात नेमके उलटे लिहिलेले असते. अशा फोनवर माझे उत्तर ठरलेले आहे. तुमच्या वकिलांसाठी न्यायालयाकडून वेळ मागून घेतो, तुमची बाजू मांडणार नाही.

शासकीय महाविद्यालयाचे गणित वेगळे आहे. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय किंवा मुंबईचे इस्माईल युसूफ महाविद्यालय म्हणजे शासनच. संस्थेचा दर्जा मात्र दरवेळी नव्याने तपासावा. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही जुनी शासकीय महाविद्यालये आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाची घटक आहेत, हे ठाऊक नसलेली प्रतिज्ञापत्रे मी वाचलेली आहेत.

याच भेदावर दाद कुठे मागायची हेही ठरते. शासकीय सेवेतील प्राध्यापकाचा सेवाविषयक वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो. विद्यापीठातील किंवा खासगी महाविद्यालयातील कर्मचाऱ्याला बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती यांविरुद्ध महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करता येते. याचिकेऐवजी न्यायाधिकरणात जायला हवे होते, हा आक्षेप घ्यायचा असेल, तर तो पहिल्या प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या परिच्छेदात घ्यावा. याचिका दाखल करून घेतली गेल्यावर दोन-चार वर्षांनी अंतिम सुनावणीत तो उकरून काढणाऱ्यांकडे न्यायाधीश ज्या नजरेने पाहतात, ती पाहवत नाही.

एका ओळीचा आदेश आणि वीस पानी प्रतिज्ञापत्र

माझ्या मते सर्वांत जास्त प्रकरणे या एका चुकीमुळे हातची जातात. आदेश काढताना कारणे द्यायची नाहीत आणि याचिका आली की ती सारी कारणे प्रतिज्ञापत्रात भरायची, अशी आपल्याकडील कार्यालयांची रीतच पडून गेली आहे. वैधानिक अधिकाऱ्याच्या आदेशाची वैधता त्यातच नमूद केलेल्या कारणांवर जोखली जाईल, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने नवी कारणे पुरवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितले, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. हा निवाडा विद्यार्थिदशेत प्रत्येकाने पाठ केलेला असतो आणि वकिली सुरू झाल्यावर प्रत्येक जण तो फक्त विरुद्ध पक्षाच्या तोंडून ऐकतो.

मी एका विद्यापीठाच्या पॅनेलवर होतो तेव्हाचे प्रकरण सांगतो. एका महाविद्यालयाने सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीला मान्यता मिळावी म्हणून प्रस्ताव पाठवला होता. प्रस्तावात खरोखरच दोष होते. निवड समितीच्या इतिवृत्तावर एका विषयतज्ज्ञाची स्वाक्षरी नव्हती, आणि मागासवर्ग कक्षाने तपासून दिलेल्या बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमतक्त्यात, ते पद ज्या प्रवर्गासाठी होते, तो प्रवर्ग जाहिरातीत दिलेला नव्हता. नस्तीतील, म्हणजे कार्यालयीन फाइलमधील, टिपणीत हे सारे तपशीलवार लिहिलेले होते आणि तिच्यावर कक्ष अधिकाऱ्यांपासून कुलसचिवांपर्यंत सर्वांच्या सह्या होत्या. महाविद्यालयाला गेलेले पत्र मात्र असे होते : ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या प्रस्तावास मान्यता देता येत नाही, याची नोंद घ्यावी.’

याचिका आली तेव्हा मी सल्ला दिला की, हे पत्र मागे घ्यावे, महाविद्यालयाला आणि उमेदवाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि टिपणीतील कारणे नमूद करून नवा आदेश काढावा. त्यासाठी न्यायालय आनंदाने मुदत देते, असा अनुभव आहे. यावर एका अधिकाऱ्यांनी ‘पत्र मागे घेतले तर विद्यापीठाची नामुष्की होईल’ अशी हरकत काढली आणि भले जाडजूड प्रतिज्ञापत्र दाखल करण्याचा आग्रह धरला. ते दाखल झाले. सुनावणीत न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवून ते एका ओळीचे पत्र वाचले आणि यात कारण कुठे आहे, एवढेच विचारले. पत्र रद्द झाले आणि चार आठवड्यांत सुनावणी देऊन नव्याने निर्णय घेण्याचे निर्देश मिळाले.

येथवर काही बिघडले नव्हते, कारण फेरनिर्णय घेताना तीच कारणे नीट लिहिता आली असती. परंतु संबंधित कक्षाने निकाल न वाचता, केवळ याचिका मंजूर झाली एवढेच ऐकून, मुदत संपत आल्यावर घाईघाईने ‘मा. उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये मान्यता देण्यात येत आहे’ असे पत्र काढले. न्यायालयाने मान्यता देण्यास सांगितलेच नव्हते. पुढे सहसंचालकांनी वेतनाच्या प्रस्तावावर नेमके तेच जुने दोष दाखवले, आणि आता विद्यापीठाचे मान्यतापत्र हाती असल्यामुळे त्या दोषांवर बोट ठेवण्याची विद्यापीठाला सोयच उरली नाही. आदेशात दोन परिच्छेद जास्त टंकलिखित केले असते, तर हे सारे टळले असते.

म्हणून माझी एक सवय आहे. नस्ती आली की प्रथम ती मिटून ठेवतो आणि फक्त आक्षेपित आदेश वाचतो. मागणी काय होती, कोणता नियम लागू होता, काय कमी पडले, म्हणणे ऐकले का आणि निर्णय कोणी घेतला, या प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदातून मिळाली नाहीत, तर प्रतिज्ञापत्राच्या नादी न लागता आदेश मागे घेण्याचा लेखी सल्ला देतो. पुष्कळदा तो मानला जात नाही. तरीही तो लेखीच असावा.

याचेच भावंड म्हणजे ‘वरून आलेल्या निर्देशानुसार’ काढलेला आदेश. कायद्याने अधिकार प्राचार्यांना किंवा कुलगुरूंना दिलेला असतो आणि आदेशात मात्र ‘सहसंचालकांच्या निर्देशानुसार आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ असे लिहिलेले असते. या विषयावरचा जुना निवाडा मुंबईतलाच आहे. अंधेरीत चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी आधी दिली आणि मग शासनाने सांगितले म्हणून रद्द केल्याचे कळवले. गोरधनदास भानजी प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे मान्य केले नाही, कारण अधिकार आयुक्तांचा होता आणि त्यांनी स्वतःची बुद्धी वापरलेलीच नव्हती. गिल प्रकरणातले तत्त्वही मूळचे याच निवाड्यातले आहे. शासनाचा अभिप्राय विचारात घ्यायला हरकत नाही, पण निर्णय ज्याचा त्याने घ्यावा आणि तसे लिहावे.

कलम १२(७) चा सोयीस्कर वापर

तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना प्राधिकरणांच्या वतीने कार्यवाही करण्याचा अधिकार २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमातील या कलमाने दिलेला आहे. त्याचा वापर झाला की नस्तीत ‘कलम १२(७) अन्वये मान्य’ एवढेच शब्द पडतात आणि सर्वांना सुटल्यासारखे वाटते. तातडी कोणती होती, आणि कार्यवाहीचा लेखी अहवाल लवकरात लवकर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवला का, हे कुणी विचारत नाही. मी त्यानंतर झालेल्या व्यवस्थापन परिषदेच्या किंवा विद्या परिषदेच्या पहिल्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मागवतो. त्यात तो विषय नसेल, तर प्रकरणाची खरी अवस्था मला तिथेच कळते.

निकालानंतर नस्ती प्रवासाला पाठवणे

निकाल विरुद्ध लागला की नस्ती महाविद्यालयातून सहसंचालकांकडे, तिथून पुण्याच्या संचालनालयात, तिथून मंत्रालयात आणि मग विधी व न्याय विभागात जाते, आणि प्रत्येक टेबलावर ‘कृपया अभिप्राय द्यावा’ एवढी भर पडते. दरम्यान मुदतीचे घड्याळ चालूच असते. एकल न्यायाधीशांच्या निकालावर जिथे लेटर्स पेटंट अपील, म्हणजे त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढचे अपील, चालते तिथे ३० दिवस, आणि सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस. शासन मोठे आहे, नस्तीला अनेक हातांतून जावे लागते, ही सबब सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या लिव्हिंग मीडिया निवाड्यापासून चालेनाशी झाली आहे. २०२० मध्ये भेरूलाल प्रकरणात तर ६६३ दिवस उशिरा आलेल्या मध्य प्रदेश शासनाला सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये खर्च लावला, तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले आणि अपील फेटाळल्याचा दाखला मिळवून स्वतःची सुटका करून घेण्याच्या प्रथेवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. ती प्रथा आपल्याकडे नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

त्याहून घातक समजूत अशी की, अपील दाखल केले म्हणजे मूळ आदेश आपोआप थांबतो. तो थांबत नाही. स्थगिती मिळाली नसेल, तर पालन करावे लागते, नाहीतर अवमान याचिकेत प्राचार्य आणि सहसंचालक यांना व्यक्तिशः उभे राहावे लागते, आणि तेव्हा मात्र एरवी महिनोन्‌महिने न हललेली नस्ती दुपारी चारपर्यंत मंत्रालयातून खाली येते.

माझी पद्धत साधी आहे. निकाल लागला त्याच संध्याकाळी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करतो आणि विभागाला एका पानाचे पत्र धाडतो. निकाल काय लागला, न्यायालयाने नेमके काय करायला सांगितले, कोणत्या तारखेपर्यंत, अपिलाची शेवटची तारीख कोणती, आणि अपील करावे की पालन करावे याबद्दल माझे मत काय, एवढेच त्यात असते. मत लिहायला अनेक जण कचरतात आणि ‘योग्य तो निर्णय व्हावा’ असे मोघम वाक्य लिहून सुटतात. असला सल्ला न दिलेला बरा.

काही किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या चुका

चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला शिक्षेपूर्वी दिली का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या करुणाकर निवाड्यानंतर, म्हणजे १९९३ नंतर, विचारावे लागू नये. तरी दरवेळी विचारावे लागते.

पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा जन्मसिद्ध हक्क नाही. नियमात तरतूद नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा परितोष सेठ निवाडा आपल्याच राज्य मंडळाच्या प्रकरणातला आहे, तो आधी वाचावा. उत्तरपत्रिका पाहू देण्यावर मात्र त्याच्या आधारे भांडू नये, कारण २०११ पासून माहितीच्या अधिकारात ती दाखवावी लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम कोणत्या तारखेचे आणि शासनाने ते कधी स्वीकारले, या दोन्ही तारखा लिहाव्यात. २०१८ चे विनियम १८ जुलै २०१८ चे आहेत आणि राज्याचा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा आहे. मधल्या काळातील नेमणुकांची प्रकरणे तारखा न पाहता हाताळणाऱ्यांनी विरुद्ध पक्षाला फुकट मुद्दे दिले आहेत.

२३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळातील बिगर नेट-सेट, म्हणजे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, प्राध्यापकांच्या याचिका एकाच साच्यातल्या दिसतात, म्हणून जुने प्रतिज्ञापत्र उचलून फक्त नाव बदलण्याचा मोह होतो. नेमणूक नियमित निवड समितीने केली होती की तात्पुरती होती, विद्यापीठाची मान्यता कोणत्या अटींवर होती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. एकाचे नाव आणि दुसऱ्याची रुजू तारीख असलेले प्रतिज्ञापत्र शपथेवर दाखल झाले, की त्यावर सही करणाऱ्या सहसंचालकांची फजिती होते आणि ते पुढच्या वेळी आपल्या मसुद्यावर विश्वास ठेवत नाहीत. हे पॅरावाईज रिमार्क्स, म्हणजे याचिकेच्या प्रत्येक परिच्छेदावर विभागाने दिलेले अभिप्राय, न वाचता केल्याचे फळ असते, आणि रिमार्क्स चार वेळा मागवावे लागतात ही तक्रार खरी असली, तरी पाचव्यांदा मागवावेत.

फोनवर दिलेला सल्ला हा तर कायमचा ताप आहे. प्राचार्य अर्धी हकीकत सांगतात, आपण चालता चालता ‘हरकत नसावी’ असे म्हणतो आणि दोन वर्षांनी नस्तीत वाचायला मिळते की, ‘सरकारी वकिलांशी चर्चा केली असता त्यांनी सदर कार्यवाहीस संमती दर्शविली.’ फोन घ्यावाच लागतो, पण त्याच दिवशी मी दोन ओळींचे पत्र पाठवतो. काय विचारले गेले, कोणती कागदपत्रे पाहिली आणि कोणती पाहिलेली नाहीत, एवढे त्यात असते, आणि त्याची पोच माझ्या कार्यालयात लावून ठेवतो.