जुनी स्पोर्ट्स कार घरीच सांभाळताय? मग या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार चालवून जेवढी झिजते, त्याहून जास्त ती नुसती उभी राहून आणि अंदाजपंचे दुरुस्तीमुळे खराब होते. १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ घ्या, पोर्शे ९४४ घ्या किंवा टोयोटाची एमआर टू. आजच्या गाड्यांच्या मानाने यांची रचना साधी आहे. सर्व्हिस मॅन्युअल, चांगले पाने, एक मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर बरीचशी कामं घरच्या घरी होतात. पण त्यांचं रबर, प्लॅस्टिक आणि वायरिंग आता म्हातारं झालंय. हे वय लक्षात न घेता हात घातला की एका दुखण्याची तीन होतात.

दुखणं कळायच्या आधी पार्ट बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी मिसिंग करायला, म्हणजे इंजिन मध्येच अडखळायला लागलं की आधी प्लग, मग कॉइल, मग एअर फ्लो मीटर, मग पेट्रोल पंप अशी खरेदी सुरू होते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. शिवाय नवा पार्ट चांगलाच असतो, हेही गृहीत धरू नका. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त नकली सेन्सरमुळे कधीकधी दोष दोन होतात आणि मग काहीच उलगडत नाही.

आधी दोष कधी दिसतो ते लिहून काढा. थंड असताना की तापल्यावर? आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन नुसतं चालू असताना, की चढावर? आयडलिंगला इंजिन थरथरतं आणि रेस दिल्यावर सुरळीत चालतं, तर बहुतेक वेळा इनटेकच्या बाजूला कुठेतरी फटीतून हवा आत जात असते. व्हॅक्यूमचे बारीक होज पाइप वाकवून पाहा. आतल्या वळणावर चीर असते आणि ती वाकवल्याशिवाय दिसत नाही. उलट, आयडलिंग स्वच्छ आणि जोर लावल्यावर झटके, तर प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल किंवा पेट्रोलचं प्रेशर यांच्याकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. दोन एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणारच नाही.

आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनला आणि बॉडीला जोडणाऱ्या वायरी. जुन्या गाडीतले निम्मे विचित्र दोष मला तिथेच येऊन थांबताना दिसतात: दिवे मंद, स्टार्टर आळशी, काटे उड्या मारणारे. यासाठी एक सोपी चाचणी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर जाडजूड दिसणारी ती केबल आतून किंवा टोकाशी सडलेली आहे. खुंटीऐवजी क्लॅम्पवर टोक ठेवलंत तर नेमका तिथला गंज चाचणीतून सुटतो.

बॅटरी सारखी उतरत असेल तर नवी घेण्याआधी गळती मोजा. सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह साधारण ठीक. तो १०० असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-अडीच आठवड्यांत झोपते. दोषी बहुतेकदा नंतर बसवलेला अलार्म किंवा स्टिरिओ असतो, नाहीतर डिक्कीतला न विझणारा दिवा.

काटा लाल होईपर्यंत कूलिंगकडे न बघणं

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५च्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. नवी असताना ती काळी असते. ती तपकिरी पडली की प्लॅस्टिक कडक, ठिसूळ झालंय असं समजा आणि फुटायची वाट न बघता रेडिएटर बदला. रंगावरून एवढी स्पष्ट सूचना देणारे भाग गाडीत फार नसतात.

रेडिएटरचं झाकण हा स्वस्त पार्ट असतो, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. पण कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण) ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, ते त्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. रबर सुकलं, दाब सुटला, की तेच कूलंट कितीतरी आधी उकळतं. झाकण तपासायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

ट्रॅफिकमध्ये गाडी तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच बघा. वेगातच तापते, तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा पंप पाणी ढकलत नाहीये. दोन्हीकडे तापते तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकल्याची शंका घ्या, आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याचीही. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणं हा उपाय मुळीच नाही. मग इंजिन नीट तापत नाही, जास्त पेट्रोल पितं आणि आतून झिजतं.

एमआर टूसारख्या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असतो. मधले पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. तिथे कूलंट नुसतं ओतून झाकण लावलं तर हवा अडकतेच. मॅन्युअलमध्ये हवा काढायच्या जागा आणि क्रम दिलेला असतो, तो तंतोतंत पाळा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नका. रंग सारखा असला म्हणून रसायन सारखं असतं असं नाही.

गाडीखाली जाताना आणि बोल्ट फिरवताना

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. अॅक्सल स्टँड लावा, जमीन सपाट आणि कडक असू द्या, आणि खाली जाण्याआधी गाडीला हाताने चांगला हिसका देऊन पाहा. स्पोर्ट्स कार इतकी खाली असते की जॅक आत जात नाही, म्हणून लोक दिसेल त्या पत्र्याला जॅक लावतात. जुन्या गाडीची सिल (दाराखालची पत्र्याची पेटी) आधीच आतून गंजलेली असते. ती चेपते किंवा जॅक सरळ आत घुसतो. चाकं आधी जाड फळ्यांवर चढवून घ्या, जॅकला जागा मिळते.

गिअरबॉक्सचं ऑईल बदलताना आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. ऑईल काढायचा खालचा बोल्ट आधी उघडला, ऑईल सगळं वाहून गेलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

अॅल्युमिनिअमच्या हेडमध्ये प्लग बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. पाना लावून सुरुवात केली आणि प्लग तिरका गेला, तर आटे गेलेच म्हणून समजा. ऑईलच्या बोल्टचं वायसर दर वेळी नवं घाला. जुनं वायसर गळतं म्हणून बोल्ट जास्त आवळला जातो आणि एक दिवस संपचे (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचे) आटे निघून येतात.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर बुश नवे घालून सहा महिन्यांत फाटले, असं ज्यांचं होतं, त्यांच्याकडे बहुतेकदा एकच चूक झालेली असते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळलेले. या बुशचं आतलं नळकांडं बोल्टने घट्ट धरलेलं असतं आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट आधी हातासरशी लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. नंतर अलाइनमेंट करून घ्या.

टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. त्याबाबत दोन गाड्यांना एक न्याय लावू नका. त्या पहिल्या एमएक्स-५मध्ये बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात बंद पडते, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडत नाहीत. ९४४मध्ये ते भिडतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. गाडी कमी चाललीय म्हणून बेल्ट चांगला आहे, हा हिशोब चुकीचा. रबर वर्षांनीही संपतं. मागचा बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. एमएक्स-५च्या अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. तिथे पुलीचा बोल्ट योग्य टॉर्कने बसला नाही, तर पुली पकडून ठेवणारी क्रँकवरची खाच झिजते आणि क्रँक निकामी होतो. त्या बोल्टला अंदाजाने हात लावू नका.

ब्रेक

ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या डॉट ४साठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात उतरताना ब्रेक तापून ऑईल उकळतं आणि पेडल अचानक मऊ लागतं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चाललेली असो वा नसो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र चालतं. आकडे जवळचे म्हणून गोंधळ होतो.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑईलवर दाब देणाऱ्या सिलिंडरचं) रबर जिथे कधी पोचत नाही, तिथे गंजाची कड जमलेली असते. पेडल पार खाली गेलं की रबर त्या कडेवरून घासून फाटतं आणि कालपर्यंत चांगला असलेला सिलिंडर आज दाब सोडतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम झालं.

एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही जड फिरत असेल, तर त्याचा हवा काढायचा निपल क्षणभर सैल करा. ऑईलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर रबरी होज आतून फुगलाय आणि ऑईल परत जाऊ देत नाहीये. तरीही अडकलेलंच राहिलं, तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा पिना गंजल्यात. होजच्या चुकीसाठी कित्येक कॅलिपर विनाकारण बदलले जातात.

जपून ठेवण्याच्या नावाखाली

आठवड्याला पाच मिनिटं जागेवर इंजिन सुरू करायचं आणि बंद करायचं, ही सवय गाडीला मारक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तितकंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही तर त्यातलं काही पाणी ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही ऑईलमध्ये उतरतं. सुरू करायची तर अर्धा तास तरी चालवून आणा; नाहीतर बॅटरीला छोटा चार्जर लावून शांत उभी राहू द्या.

लांब उभी ठेवताना हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. जागा सपाट असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी अडण लावा. हवा न खेळणारं प्लॅस्टिकचं कव्हर ओल कोंडून धरतं. कापडी छताच्या गाडीत पाणी वाहून जायची भोकं साफ ठेवा; एमएक्स-५मध्ये ती सीटच्या मागे, छताच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, आणि तुंबली की पाणी सिलमध्ये उतरून पत्रा आतून खातं.

चालवण्याचा आनंद घालवणारे बदल

पहिली एमएक्स-५ साडेनऊशे किलोंच्या आसपासची, तिला कंपनीने दिलेले टायर १८५/६० आर १४. तिला सतरा इंची रुंद चाकं आणि दगडासारखे कडक स्प्रिंग लावले की दिसते झक्क, पण रस्ता वाचणं बंद होतं. पैसे घालायचेच तर आधी चांगल्या टायरमध्ये, मग नव्या बुश आणि शॉक अॅब्सॉर्बरमध्ये घाला. मूळ गाडी कशी चालायची, हे बऱ्याच मालकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

टायरची नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. ओल्या रस्त्यावर तो कडक रबराचा तुकडा असतो, आणि मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या हलक्या गाडीत ते वळणावर कळतं.

पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार झालं, असंही नाही. ऑईल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. आणखी दहा मिनिटं मध्यम आरपीएमवर चालवा, मग खुशाल लाल रेषेपर्यंत न्या. त्यासाठीच ती बनलीय. फेरी संपवून आलात की प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहा, स्पर्श न करता. पुढची दोन्ही सारखी हवीत, मागची दोन्ही सारखी. एकच जास्त भाजत असेल, तर पुढच्या फेरीआधी त्याचा ब्रेक उघडा.