बादलीने रंग भरताना कडेला राहणारी पांढरी किनार

क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघांचा लेअर (थर) वर आणि रंगाचा कोरा लेअर त्याखाली ठेवा. कोरा लेअर निवडून एफ दाबा, की फिल टूल (रंग भरायची बादली) येतं. टूल ऑप्शन्समध्ये रेफरन्स 'ऑल लेयर्स' हवा. नाहीतर टूलला रेघा दिसतच नाहीत आणि अख्खा कॅनव्हास रंगतो. हे बरोबर असूनही रंग सांडला, तर रेघेत फट आहे. कंट्रोल-झेड करा, झूम करून फट सांधा.

पांढरी किनार राहते, कारण रेघेच्या कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात आणि रंग त्यांच्या अलीकडेच थांबतो. थ्रेशोल्ड (किती वेगळ्या रंगाच्या पिक्सेलपर्यंत भरायचं, ती मर्यादा) वाढवून बघता येतं, पण जास्त झाला तर रंग फिकट रेघा ओलांडतो. त्यापेक्षा 'ग्रो' (भरलेला भाग बाहेर किती वाढवायचा ते) १ ते २ पिक्सेल ठेवा. रंग रेघेखाली सरकतो. जाड रेघेला ३ही चालतात.